बिनखिळ्याची पेटी

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. हे वाक्य माझ्या तोंडून निघायला त्रेसष्ट वर्षं लागली, असं आमची रुक्मिणी म्हणते. म्हणू दे तिला. पस्तीस वर्षं माझा तापट स्वभाव सांभाळलाय, तेवढा हक्क आहे तिचा.

गोष्ट आमच्या सुनेची, मेघनाची. ती बोळिंजची, बिल्डिंगमध्ये वाढलेली. लग्न होऊन आमच्या समुद्रकाठच्या भुईगावात आली, तेव्हा तिच्या सामानात एक काळं यंत्र होतं. टीव्हीला जोडून खेळ खेळायचं. आमचा प्रितेश म्हणाला, "बाबा, याला गेमिंग कन्सोल म्हणतात. हिनं यावर बक्षिसं मिळवलीत." मी नुसतं "बरं" म्हटलं. मनात म्हटलं, आता ही कसली नवीन भानगड!

पण एका रविवारी मी तिला खेळताना पाहिलं. हाणामारीचा खेळ. बाकीचे खेळाडू दंड फुगवलेले पैलवान घेतात आणि आमची ही घेते एक दाढीवाला म्हातारा, हातात काठी. चालतो संथ, पण त्याचा एक फटका बसला की समोरचा आडवाच. मी म्हटलं, "अगं, हा तर मीच की!" ती इतकी हसली की तो डाव हरली. त्या दिवसापासून मी तिचा पक्का माणूस. खेळात तिनं आपलं नाव काय ठेवलं होतं, माहितीये? 'भुईगावची सून'. मी ते वाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

आता, भुईगावात राहायचं म्हणजे एकाच वैऱ्याशी लढायचं, खाऱ्या वाऱ्याशी. आमचं लोखंडी फाटक तीन वर्षांत खाऊन टाकलं त्यानं. आधीचा टीव्ही चौथ्या वर्षी गेला, उघडून पाहिला तर आतल्या तारा हिरव्या पडलेल्या. त्यामुळे नवीन वस्तू घरात आली की आम्ही ती आधी झाकतो, मग वापरतो. सुनेचं यंत्र मी उघड्यावर राहू देणार होतो होय?

माझ्या आईचा झोपाळा पूर्वी ओटीवर होता. त्याची सागाची फळी माळ्यावर पडून होती. मी ती खाली काढली, जोडीला थोडा साग विकत आणला आणि पेटी करायला बसलो. मी काही सुतार नाही, केळीची वाडी करणारा माणूस, पण हात बरा आहे. एक खिळा मारला नाही. सगळी जोडणी खाचांची. पुढे काचेचं दार, दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी. वायरींसाठी तळाला भोक ठेवलं, तर त्याच्याभोवतीची फटही पुट्टीनं बुजवून टाकली. पाठीला झोपाळ्याची अख्खी फळी लावली, तिच्या कड्यांची चार भोकं होती तीसुद्धा लाकडाच्या गुट्ट्या ठोकून बुजवली. मुंगी शिरायची सोय ठेवली नाही. वरच्या पट्टीवर सोनचाफ्याच्या फुलांची वेलबुट्टी कोरली, त्यात पंधरा दिवस गेले. रुक्मिणीनं यंत्राला घालायला क्रोशाचं झाकण विणलं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. रबरी पट्टी घट्ट बसावी म्हणून दाराची चौकट मी मागाहून जाड केली, तेव्हा यंत्र आतच होतं. चौकट बसल्यावर लक्षात आलं, यंत्र आता दारातून बाहेर येत नाही. मी म्हटलं, काढायचंय कशाला बाहेर?

पेटी पाहून मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, माझ्यासाठी असं हातानं कुणी काही केलं नव्हतं," म्हणाली. मी दोन दिवस हवेत होतो.

महिनाभरात यंत्र मधेच बंद पडायला लागलं. पाऊण तास खेळली की आतला पंखा बोंबलायला लागायचा, पडद्यावर 'यंत्र फार तापले आहे' अशी सूचना यायची आणि खटकन सगळं काळं. खेळ इंटरनेटवर असतो, समोरचा कुठल्या तरी दुसऱ्या गावात बसलेला. आपलं यंत्र बंद पडलं की तो डाव त्याचा, हा नियम. यापायी मेघना दोन स्पर्धा हरली. जिंकत आलेल्या स्पर्धा, बरं का!

माझं डोकं फिरलं. मी विजेच्या ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला, म्हटलं तुमच्या व्होल्टेजनं माझ्या सुनेचं वाटोळं केलं. त्यांनी माणूस पाठवला, व्होल्टेज व्यवस्थित निघालं. मी त्या माणसाचं मीटर खोटं ठरवलं. स्टॅबिलायझर आणला. गावातला वायरमन जेम्स, त्याला बोलावून हॉलचं सगळं वायरिंग बदलून घेतलं. तो पेटीवर हात ठेवून म्हणाला, "काका, वायरिंग चांगलंय. पेटी तापतेय." मी म्हटलं, "तू वायरी बघ. सुतारकाम तुला काय कळतं?" दुरुस्तीच्या दुकानाला फोन केला, तर तो म्हणाला यंत्र घेऊन या. आता यंत्र बाहेर येत नाही हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू? मग त्याच्यावरही ओरडलो.

मेघनानं एकदा विचारलं होतं, "बाबा, खेळताना दार जरा उघडं ठेवू या का?" मी तिला खाऱ्या वाऱ्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. आठ दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मी टीव्हीच्या हिरव्या तारांची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

मे महिन्यात पश्चिम विभागाची मोठी स्पर्धा आली. बेचाळीस खेळाडूंतून आमची पोर अंतिम फेरीत पोचली. आधीच्या लढती छोट्या होत्या, यंत्र कसंबसं तगलं. अंतिम लढत मात्र पाच डावांची, तीन जिंकेल तो बंगळुरूला देशाच्या स्पर्धेत जाणार. समोर सुरतचा एक पोरगा, दोन वर्षं न हरलेला. मेघना मला म्हणाली, "बाबा, यंदा नाही जमलं तर मी हे सोडणार. सारखं असं हरण्यात अर्थ नाही." हसत म्हणाली, पण थट्टेत नव्हती.

रविवारी दुपारी तीनची वेळ. ऊन असं की कौलं तडकत होती. प्रितेशची बोईसरला शिफ्ट होती. हॉलमध्ये मी, रुक्मिणी आणि जेम्स. त्याला मीच बोलावला होता, वीज गेली तर हाताशी असावा म्हणून.

पहिला डाव मेघनानं घेतला. दुसराही घेतला! माझ्या म्हाताऱ्यानं त्या सुरतच्या पैलवानाला असा लोळवला की मी खुर्चीवर उभा राहिलो. आता एकच डाव. तिसऱ्यात ती पुढेच होती, एक फटका बाकी होता आणि पेटीतून पंखा बोंबलला. खटकन अंधार.

"लाइट!" मी ओरडलो.

"लाइट आहे, काका," जेम्स म्हणाला. डोक्यावरचा पंखा फिरत होता.

मेघनानं यंत्र पुन्हा चालू केलं. सुरू करण्याआधी तिनं एकदा काचेच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि दार तसंच ठेवून ती खेळायला बसली. चौथा डाव पाच मिनिटंही चालला नाही, यंत्र पुन्हा बंद. दोन-दोन.

तिनं दहा मिनिटांची विश्रांती मागितली. प्रत्येकाला एकदाच मिळते. कंट्रोलर मांडीवर ठेवून ती पडद्याकडे बघत बसली. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

मी फोन उचलला. "थांब, त्या वीजवाल्यांना आत्ता..."

"ठेवा तो फोन!" रुक्मिणी इतक्या जोरात ओरडली की जेम्स उठून उभा राहिला. "अहो, केळी पिकवायला भट्टी कशी लावता तुम्ही? फटी बुजवता. वारा तोडता. आत ऊब कोंडता. चाळीस वर्षं तेच करताय ना? मग या पोरीच्या यंत्राला काय वेगळं केलंत? भट्टी लावलीत तुम्ही त्याची! आणि वर मी मेली, त्याला स्वेटर विणून घातला!"

मी जेम्सकडे पाहिलं. तो पायांकडे बघत होता.

"मेघना, तुला ठाऊक होतं हे?" मी विचारलं.

तिनं कंट्रोलर मांडीवरून उचलून खाली ठेवला.

"तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," रुक्मिणी म्हणाली. "तुम्ही वाडीत गेलात की ती दार उघडून खेळायची. तुमची चाहूल लागली की लावून घ्यायची. प्रितेश म्हणाला पेटी फोडून टाकू, तर म्हणाली, नको, बाबांना वाईट वाटेल. दोन स्पर्धा हरली, पण तुम्हाला बोलली नाही. आताही हरेल, पण बोलणार नाही!"

काय सांगू, आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी गावभर भांडलो, प्रत्येकाला शिव्या घातल्या आणि ज्या पोरीसाठी भांडत होतो तिला दोन वाक्यं पुरी बोलू दिली नाहीत.

"आठ मिनिटं राहिली," जेम्स म्हणाला.

मी करवत आणली.

"बाबा, नको!" मेघना उठली. "नुसतं दार उघडू या. पेटी नका..."

"दारानं भागणार नाही. गरम हवा मागच्या बाजूनं निघते ना? मागं तर मी भिंत बांधलीय. तू गप्प बस, आणि ते हात चोळ. गार पडलेत."

जेम्सनं आणि मी पेटी भिंतीपासून पुढं ओढली. पाठीची फळी खाचांत वरून सरकवलेली होती आणि तिच्यावर ती वेल कोरलेली पट्टी. पट्टी दोन्ही टोकांना कापली तरच फळी निघणार. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण हे फक्त मी केलं होतं. मी चाफ्याच्या पहिल्या फुलावर करवत ठेवली आणि ओढली. जुना साग! लोखंड बरं. घाम डोळ्यांत उतरत होता. पहिलं टोक सुटलं. दुसऱ्यात करवत अडकली.

"चार मिनिटं," जेम्स म्हणाला.

"मिनिटं काय मोजतोस, पेटी धर!"

त्यानं धरली. मी दात-ओठ खाऊन करवत ओढली आणि दुसरं टोक तुटलं. आईच्या झोपाळ्याची फळी दोन्ही हातांनी उपसून काढली. आतून झोत आला, भट्टीचं तोंड उघडल्यावर येतो तसाच. चेहरा भाजला माझा. रुक्मिणीनं दार उघडून क्रोशाचं झाकण ओढून काढलं आणि लांब भिरकावलं. जेम्सनं टेबलफॅन समोर लावला, वारा पुढून शिरून मागून निघेल असा. फॅन पुरेसा नाही असं वाटून रुक्मिणीनं स्वयंपाकघरातून सूप आणलं आणि मागच्या बाजूनं वारा घालायला लागली.

"चालू कर, बाळा," मी म्हटलं.

पाचवा डाव. सुरतच्या पोरानं आल्याआल्या माझ्या म्हाताऱ्याला कोपऱ्यात घेतलं. अर्धा जीव गेला. मी एक कान पेटीकडे ठेवला होता. पंखा फिरत होता, पण बोंबलत नव्हता, शहाण्यासारखा घुमत होता. पाच मिनिटं झाली. सात झाली. मेघना खेळत होती आणि पहिल्यांदाच ती पेटीकडे बघत नव्हती. तिची बोटं अशी चालत होती की मला दिसेनात. पैलवान उडी घेऊन वर आला, म्हातारा एक पाऊल मागं सरला, आणि मग बसला फटका!

आडवा! सुरतचा आडवा!

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. जेम्स म्हणतो, समुद्रावरच्या सुरूच्या झाडांपर्यंत ऐकू गेलं. रुक्मिणी सूप हातात घेऊन नाचली. नाचली म्हणजे खरंच नाचली, तिच्या गुडघ्यांसकट. मेघनानं आधी तिला मिठी मारली, मग मला, आणि तिथेच रडली, ढसाढसा. मीही रडलो. लाजायचं काय त्यात?

पडद्यावर स्पर्धेचा निवेदक तिला हिंदीत विचारत होता, विश्रांतीत तुमच्याकडून कसला आवाज येत होता? ती डोळे पुसत म्हणाली, "मेरे ससुरजी थे. मेरे लिए रास्ता बना रहे थे."

दुसऱ्या दिवशी मी विजेच्या ऑफिसात जाऊन माफी मागितली. ते घाबरले. दुकानवाल्यालाही फोन केला. जेम्सनं यंत्र मागच्या बाजूनं बाहेर काढलं, उघडून आतला धुळीचा थर साफ केला. तारा अजून हिरव्या पडलेल्या नाहीत. पडतील तेव्हा बघू.

त्या फळीचं मी पुन्हा काहीतरी करायला घेतलं. या खेपेला बाजू नाहीत, पाठ नाही, दार नाही. चार पाय आणि वर फळी, झालं. जेम्स फाटकातून बघून म्हणाला, "काका, याला स्टूल म्हणतात." मी म्हटलं, "म्हणू देत."

रंधा मारत होतो, तेव्हा मेघना चहा घेऊन आली. बंगळुरूला जायला तीन आठवडे होते. ती स्टुलाकडे बघत उभी राहिली. काहीतरी बोलावंसं वाटत होतं तिला, आणि मी या वेळी रंधा खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "वर कडेला पट्टी नका मारू. आणि यंत्राखाली दोन लाकडाच्या चिपा हव्यात. त्याला खालूनही हवा लागते."

"किती उंच?" मी विचारलं.

"दोन बोटं."

मी तिची दोन बोटं फळीवर आडवी ठेवायला लावली आणि त्यांच्या मापाची पेन्सिलीनं खूण केली.