कातरणीच्या दिवशी गारा

फाल्गुन सरत आला होता. माणदेशाच्या माळावर उन्हाची धग उतरू लागली होती. पिवळी कुसळे पार पांढुरकी झाली होती आणि क्षितिजावरच्या डोंगररांगा धूसर निळाईत अर्ध्या बुडाल्या होत्या. पहाटे गवतावर दव नव्हते, दरीत धुके नव्हते. वारा पडलेला. एवढ्या मोठ्या माळावर एक पान हलत नव्हते, आणि हे काही चांगले लक्षण नव्हते.

पाऊस एक, पण त्याची रूपे किती! मृगाचा उतावळा, धुळीला सुगंध देणारा. आषाढाची संततधार झड. श्रावणातली सोनसळी सर. अंगाला लागते न लागते अशी भुरभुर. परतीचा गडगडाटी, जाता जाता सगळे झोडपून जाणारा. या सगळ्यांना माणूस कधी ना कधी हात जोडतो. एकाच रूपापुढे तो कपाळाला हात लावतो, ते म्हणजे गार. जलच ते, पण गोठलेले. मेघाच्याच उदरातले, पण मायेचा थेंब नसलेले. मला विचाराल तर त्याला पाऊस म्हणूच नये.

त्या माळावर धुळाजी धनगराचा तळ पडला होता. म्हातारा धुळाजी, त्याचा लेक येसू, सून बाणाई, आणि काजळकाळ्या, मेघवर्णी मेंढ्यांचा कळप. कळप हेच त्यांचे घर, तेच शेत, तेच गणगोत. त्याच्यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हते.

आज कातरणी होती. उन्हाळा लागण्याआधी मेंढ्यांची लोकर उतरवायची, आणि ती एकट्याने नव्हे. आसपासच्या तळांवरचे भाऊबंद आपापल्या कातऱ्या घेऊन येतात. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. मजुरी कुणी मागत नाही. बकरे कापायचे, सगळ्यांना पोटभर वाढायचे, हीच रीत. आलेल्या कातरणाऱ्यांना कोरडे परत पाठवणे म्हणजे भाऊबंदांच्या तोंडावर दार लावणे. धुळाजीच्या सात पिढ्यांत ते कुणी केले नव्हते.

बाणाईने सकाळीच फोनवर हवामानाचा अंदाज ऐकला होता. मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारपीट. चुलीपाशी रश्श्याला उकळी फुटत होती, पाहुणे दगडावर कातऱ्यांना धार लावत होते. ती डोक्यावरचा पदर सावरत सासऱ्यापाशी आली.

"आबा, आज गारा पडत्याल म्हनत्यात. कातरणी दोन दिस म्होरं ढकलली तर?"

म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून आभाळ न्याहाळले. निरभ्र, नितळ, निळेभोर आभाळ.

"बकरं शिजाय लागलं, पोरी. आता पाव्हण्यास्नी काय सांगू? सुनंचा फोन नगं म्हनतोय म्हनून?"

पाहुणे खो-खो हसले. येसूही हसला. बाणाई खाली मान घालून चुलीकडे वळली. तिला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. पण चार माणसांत सासऱ्याशी वाद घालायची तिची छाती झाली नाही.

मग कातऱ्या चालू लागल्या. कचकच, कचकच. काळी लोकर लाटेवर लाट यावी तशी गळू लागली, तिचा मऊ, धुरकट ढीग वाढू लागला. आणि त्या लोकरीखालून निघू लागली इवली इवली शरीरे, निळसर, सुरकुतलेली, लाजल्यासारखी. एरवी डौलात चालणारी मेंढी कातरल्यावर नुकतीच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या पोरासारखी दिसते. दुपार कलली तेव्हा सगळा कळप उघडा झाला होता. पाहुणे हात धुऊन पंगतीला बसले.

पहिला घास तोंडात होता, तेव्हा वायव्येकडून ढग उठला.

आधी करडा. मग जांभळा. मग काळ्याच्या पोटात एक हिरवट, विषारी झाक. वारा आला तो थंडगार आला, एकदम, आणि चुलीची राख सगळ्यांच्या ताटांत गेली. कुणीतरी "आरं, आरं" म्हणाले आणि सगळे उठले. चार टपोरे थेंब. त्यापाठोपाठ टणकन दगडावर उडालेली पहिली गार.

पुढे आभाळ नुसते ओतत राहिले. शुभ्र, कठोर, निर्दय. अंगावर चार बोटे लोकर असती, तर तो मार तिनेच झेलला असता. आता तो हाडांवर बसत होता. मेंढ्या पळाल्या नाहीत. मेंढी पळत नाही. माना एकमेकींच्या पोटाखाली घालून त्या जागच्या जागी मार खात राहिल्या. येसूने घोंगडी पसरली, पाहुण्यांनी आपापली पसरली. बाणाई लोकरीच्या ढिगाकडे धावली. जी दुपारी उतरवली तीच लोकर ओंजळी भरभरून ती मेंढ्यांच्या अंगावर टाकू लागली. ती टाकत होती आणि वारा उडवत होता. ती रडत होती, तरी टाकत होती.

गारा थांबल्या. मग थंड पाऊस लागला, वाचलेल्या मेंढ्या आडोसा शोधत पांगल्या, आणि गारांनी जे उरवले होते त्यातले निम्मे त्या गारठ्याने नेले.

संध्याकाळी उघडले. फाल्गुनातला माळ पांढराशुभ्र झाला होता. त्यावर मावळतीचा केशरी उजेड पडला होता, आणि ते सारे इतके सुंदर दिसत होते की त्याचीच चीड यावी. त्या शुभ्रतेत जागोजागी आडवी पडलेली उघडी, निळसर शरीरे होती. पाहुणे त्यांना ओढून एका बाजूला नेत होते.

धुळाजी एका दगडावर बसला होता. त्याच्या पाठीवर गारांचे वळ उठले होते. स्वतःचे घोंगडे त्याने केव्हाच मेंढ्यांवर टाकले होते. बाणाई समोर आली तेव्हा त्याने वर पाहिले नाही.

"बोल की गं. शिव्या घाल मला. तू सांगितलं व्हतंस."

बाणाईच्या ओठांवर पुष्कळ काही होते. तिने म्हाताऱ्याच्या पाठीवरच्या वळांकडे पाहिले. तिने सगळे गिळले.

"मी काय बोलू, आबा? उठा. जित्या हैत त्या पांगल्यात. आमच्या हाकंनं यायच्या न्हाईत."

तो उठला. त्याला हाक मारायची नव्हती. कोणत्या तोंडाने मारणार? तरी त्याने मारली. हुर्रर्र, ये, ये. ओल्या माळावरून ती हाक लांब लांब गेली.

आणि त्या आल्या. खड्ड्यांतून, बांधांआडून, लंगडत, थरथरत आल्या. कुणाला जाब न विचारता आल्या. उघड्या अंगांनी त्याच्या पायांना बिलगल्या. एकीने आपले ओले नाक त्याच्या तळव्यात खुपसले, आणि ऊब मागत, डोळे मिटून, ती तशीच उभी राहिली.