पाय न लागणारी पेटी

विद्याधररावांचा डावा पाय साखरेच्या आजारापायी गुडघ्याच्या वरून कापला, उजव्याची दोन बोटं गेली, आणि इस्पितळातून घरी आल्यावर ते पहिल्यांदा बोलले ते पायपेटीबद्दल. "ती पेटी माझ्या नजरेसमोरून हलवा." रेल्वेत गार्डाची नोकरी करता करता या माणसानं झाशीच्या मराठी मंडळाच्या एकूण एक गणपतीत नाट्यपदांना साथ केली होती. आता पेटीत हवा भरायला धड पायच नव्हते. शकुंतलाबाईंनी पेटीवर जुनी चादर टाकली. मुलगा मुकुल मात्र ते वाक्य मनात धरून बसला. तो पहिल्यापासून तसाच. सांगितलेलं विसरायचा नाही, आणि न सांगितलेलं त्याला कळायचं नाही.

दोन महिने विद्याधरराव भिंतीकडे तोंड करून पडले. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. हा माणूस पायानं नाही, असल्या पडून राहण्यानं जाणार, अशी शकुंतलाबाईंना भीती वाटायला लागली. एका दुपारी मुकुल ऑफिसला गेल्यावर त्यांनी चादर काढली, पेटीखाली फरशीवर मांडी घातली आणि दोन्ही तळहातांनी पायट्या आळीपाळीनं दाबायला लागल्या.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"लागलंय. या इकडे आणि वाजवा."

चाकाची खुर्ची पेटीपर्यंत यायला बराच वेळ लागला, पण आली. सुरुवात भयंकर झाली. हवा मध्येच तुटायची, सूर रडायचा, आणि विद्याधरराव खेकसायचे, "मालगाडी ढकलतेस का? सलग दे, सलग!" लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात बाईंना त्या पेटीची फक्त धूळ पुसायची मुभा होती. त्या निमूट दाबत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र गंमत झाली. नवरा कुठे सूर फुगवणार आणि कुठे सोडणार, हे त्यांच्या हातांना आधीच कळायला लागलं. विद्याधररावांनी वाजवणं थांबवून खाली पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले. एवढंच. पण त्या रात्री त्यांनी दुसरी पोळी मागितली, आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की या माणसाच्या गाण्यात आपणही आहोत.

"मुकुलला बोलू नकोस," विद्याधररावांनी बजावलं. "म्हणेल, आईला पायाशी बसवून वाजवतात." बाईंना हे खुळचट वाटलं, पण त्यांनीही तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर ती दुपार त्यांना कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. मनगटं का सुजली म्हणून मुकुलनं विचारलं, तेव्हा कणकेवर ढकलून त्या मोकळ्या झाल्या.

मग एका सोमवारी त्या नवऱ्याला ड्रेसिंगसाठी रिक्षानं घेऊन गेल्या. परत आल्या तर पेटीच्या जागी फोल्डिंगचं टेबल, त्यावर एक जुना लॅपटॉप आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचा कीबोर्ड. शेजारी मुकुल, सुट्टी टाकून, कान लाल करून उभा.

"सरप्राइज, बाबा! समथरचे एक हार्मोनियमवाले भैया आले होते, पेटी घेऊन गेले. त्याच पैशात हे सगळं जमवलं. लॅपटॉप सेकंडहँड आहे, कीबोर्डही, आणि सॉफ्टवेअर तर एकदम फ्री! हा बघा जुना इलेक्ट्रिक पियानो, हा चर्चचा ऑर्गन, आणि ही तुमची पायपेटी. असली पेटीचा एकेक सूर रेकॉर्ड करून बनवलीय, सच्ची!"

विद्याधररावांचा चेहरा पांढरा पडला. आता हे ओरडतील, बाईंनी मनाशी धरलं. ओरडावं अशी बाईंचीच फार इच्छा होती. पण पोरानं इतक्या हौसेनं मांडलेलं पाहून विद्याधररावांनी नुसतं एका पट्टीवर बोट ठेवलं. लॅपटॉपमधून चिरका, किडकिडा आवाज आला.

"इसके स्पीकर बेकार हैं," मुकुल घाईनं म्हणाला. "हे लावा." आणि त्यानं बापाच्या डोक्यावर हेडफोन चढवला.

विद्याधररावांनी पुन्हा सूर धरला. थोडं पुढे गेले. थांबले, परत मागून आले. मग त्यांचे डोळे मिटले आणि मान हलायला लागली, पूर्वी मंडळात हलायची तशीच. हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसे ते मोठ्यांदा ओरडले, "शकू, याला पाय लागतच नाहीत गं! केवढं बरं झालं!"

बाई हसल्या. हसणं भागच होतं. मनातून मात्र कुणीतरी कानफटात मारल्यागत झालं.

चार दिवसांनी त्यांनी मुकुलला आडून विचारलं की पेटी परत मिळेल का. "ती कुठली आई, भैयाजींनी त्यातल्या सुरांच्या पितळी पट्ट्या काढून हार्मोनियमला बसवल्या. लाकूड पण गेलं." मग निदान याला चांगला स्पीकर तरी आण, असं त्या म्हणाल्या. "आणीन ना, पण ढंगाचा स्पीकर महाग येतो. आणि बाबांना हेडफोनमध्येच मजा येतेय, टेन्शन नको घेऊ."

मजा येत होती, यात खोटं काही नव्हतं. विद्याधरराव आता सकाळी वाजवायचे, जेवल्यावर वाजवायचे, चहा थंड होईस्तोवर वाजवायचे. भिंतीकडे तोंड करणं सुटलं. डॉक्टर खूष होते. बाईंनी देवाकडे जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्यांना रडायला तोंड राहिलं नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. खोलीत फक्त प्लास्टिकच्या पट्ट्यांची टकटक चालू होती. विद्याधररावांनी मान वर केली, हेडफोन कानांवर तसाच, चेहरा अगदी फुललेला. "कशी झाली ही जागा?"

"अहो, मला काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"हो ना?" विद्याधरराव आनंदानं ओरडले, आणि डोळे मिटून तीच जागा पुन्हा वाजवायला लागले.