चाखायचा नेम

माझा रोजचा नेम साधा आहे. आंघोळ, देवपूजा, मग सैपाक, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कशालाही जीभ लावायची नाही. मिठाचा अंदाज हाताला, फोडणीचा नाकाला. पुंडलिकनगरच्या आमच्या घरात माझी लेक प्रेरणा हे बघतच सैपाक शिकली. पुढं हॉटेल मॅनेजमेंटला गेली आणि शेवटच्या वर्षी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला फ्रान्समधल्या एका छोट्या हॉटेलात. पहिल्याच दिवशी तिनं तिथल्या शेफबाईंना सांगून टाकलं, मांस-मच्छीला हात लावणार नाही. बाईंनी तिला भाज्यांच्या सूपवर मदतीला लावलं. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या महिन्यात एकदा दिवेलागणीला व्हिडिओ कॉल आला. पोरीचे डोळे सुजलेले. तिनं केलेलं सूप खारट म्हणून टेबलावरून परत आलं होतं. तिथलं मीठ जाडं, ओलसर. आपल्या चिमटीचा अंदाज त्याला लागू पडेना. शेफबाईंनी एवढंच विचारलं, चाखलं होतंस का? ही नाही म्हणाली. असं आधीही एकदा झालं होतं. आता पुन्हा न चाखता भांडं बाहेर गेलं, तर उरलेले महिने मागच्या खोलीत भाज्या सोलायच्या, आणि कॉलेजलाही तसंच कळवणार, असं बाईंनी बजावलं होतं.

“मग चाखायचं ना,” मी म्हणाले.

“हातच जात नाही, आई. चमचा तोंडाजवळ नेला की तू मागं उभी असल्यासारखं वाटतं.”

मी तिला कधी रागावले नव्हते. लहानपणी ती खिरीत बोट घालायला गेली की नुसतं बघायचे. तेवढं पुरायचं.

तिचे पप्पा चितेगावच्या कंपनीतून नुकतेच आले होते, बूट काढता काढता ऐकत होते. म्हणाले, “तुझी आई मीठ विसरली तर देव काय म्हणतो ते ठाऊक नाय. मी तर लग्नापासून गप खातोय.”

पोरगी हसली, पण डोळे भरलेलेच. मी फोन जवळ घेतला.

“हे बघ माय, आपला देव ताट परत पाठवत नाही. तुझी गिऱ्हाइकं पाठवतात. तिथं चाखायचं.”

“पण तुझा नेम…”

“तो माझ्या देवघरापुरता. तुझ्या कामाचा नेम तुझी शेफ सांगते तो. तोही तेवढाच कडक पाळायचा. एक दिवस चुकवायचा नाही.”

पुढचे फोन थोडक्यात व्हायला लागले, तेव्हाच ओळखलं, पोरगी कामात रमली. प्रत्येक भांडं चाखते म्हणाली, दर वेळी नवा चमचा घेऊन. उष्टा चमचा चुकून आत गेला तर अख्खं भांडं ओतून देतात. “आई, यांचं सोवळं तुझ्यापेक्षा कडक आहे,” म्हणाली. पप्पांना हे लई आवडलं, कंपनीत सगळ्यांना सांगून आले.

मग एका रविवारी तिथला सूपचा आचारी रजेवर गेला आणि सगळं हिच्यावर आलं. लाल भोपळ्याचं सूप, कृती खुद्द शेफबाईंची. प्रेरणानं चाखलं. मीठ बरोबर होतं, पण गोडवा जिभेवर बसून राहत होता. सुरुवातीला असती तर गप्प बसली असती. यावेळी भांड्यांच्या आवाजातून तिनं बाईंना सांगितलं, यात आंबट हवं. बाकीचे आचारी हातातलं काम सोडून बघायला लागले. बाई आल्या, त्यांनी चाखलं, लिंबांची टोपली तिच्यापुढं सरकवली आणि पलीकडच्या शेगडीकडं निघून गेल्या.

“काय म्हणाल्या मग?” मी फोनवर विचारलं.

“काही नाही. चुकलं असतं तर बोलल्या असत्या.”

तो आचारी परतल्यावर त्याला दुसरीकडं लावलं. इंटर्नशिप संपेपर्यंत सूप आता प्रेरणाकडंच राहणार होतं.

“आणि भांडं बाहेर जायच्या आधी तपासायला कोण असतं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “मी चाखते ना.”