हळदीचं रक्त

महाल भागातल्या एका बोळात सकाळपासून बायकांची दाटी. ओट्यावर निंबूबाबा. हळदीनं रंगवलेल्या फडक्यावर तो 'तीर्थ' शिंपडायचा आणि फडकं लाल व्हायचं. मग मंत्र पुटपुटत निंबू पिळला की पुन्हा पिवळं.

"अंगावरून जाणं थांबलं," बाबा म्हणायचा. "आता जिचं पुन्हा जाईल, तिनं नवऱ्याशी बेइमानी केली समजा."

रंभाबाईचं रक्त महिनोन्‌महिने थांबत नव्हतं. सतत बाहेर बसणं, कशाला शिवायचं नाही. बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर कुसुमताईंनी तपासून सांगितलं होतं की गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड झालंय, गुंगी देऊन खरवडून काढावं लागेल. नवरा चंपतराव तयारही झाला होता. पण थोरली जाऊ यमुताई बाबापुढच्या भरगर्दीत उभी राहिली अन् म्हणाली, माझं बाबानंच थांबवलं. परका कोणी बोलला असता तर रंभाबाईनं ऐकलं नसतं. यमुताई तिला बहिणीसारखी. दवाखाना राहिला.

रंभाबाई बाबापुढं बसली, फडकं पिवळं झालं. रंभाबाईचं रक्त जातच राहिलं. पण सांगणार कोणाला? सांगितलं की बेइमान. ती चोरून कपडे धुवायची, स्वयंपाकघरात राबायची. शेवटी चुलीपुढंच कोसळली. चंपतरावानं टांग्यात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा तिची नखंसुद्धा पांढरी पडली होती.

कुसुमताईंनी अस्तर खरवडलं. रक्त थांबलं. मग त्यांनी चंपतरावाच्याच पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून हळदीच्या चिंधीवर टाकला. चिंधी लाल. निंबू पिळला, पिवळी.

"हळद-चुन्याचं कुंकू तुमच्या घरात रोज कपाळाला लागतं," त्या म्हणाल्या. "ते ओळखता आलं नाही?"

खाटेवरून रंभाबाईनं भेटायला आलेल्या जावेला विचारलं, "तुमचं खरंच थांबलं होतं?"

"नाही वं. आताही जाऊन राहिलं. थांबलं नाही म्हटलं असतं तर मलेच पापीण ठरवलं असतं."

"मंग मले काहून त्याच्यापुढं बसवलं?"

रंभाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग तशीच म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हिलेही तपासा."

बायांनो, बाबाची सारी करामत चुन्यात नव्हती, तुमच्या गप्प बसण्यात होती. कुसुमताईंनी घरी सोडताना रंभाबाईला बजावलं, पुन्हा रक्त गेलं तर लगेच मला येऊन सांग. बाबानं म्हटलं होतं, पुन्हा गेलं तर तू बेइमान. उपाय फसला तर ऐकून घ्यायला कोण तयार आहे, एवढंच पाहा आणि त्याच्याच दारी जा.