पुढं विचारून सांगणारा डबा

नानासोंनी निळ्या वायरीचं वेटोळं पार्टिशनवरून पलीकडे टाकलं, स्टुलावरून उतरले, चपला पायात सरकवल्या, थोरल्या मालकांच्या केबिनमधून व्हरांड्यात आले, वळसा घालून धाकट्या मालकांच्या केबिनमध्ये शिरले आणि आपणच टाकलेली वायर आपणच उचलली.

मागोमाग आलेली मयूरी दारातच थांबली. ती साताऱ्याहून कॉम्प्युटर बसवायला आली होती आणि तिला संध्याकाळची एसटी गाठायची होती.

“काका, इकडून कुणी ओढून घेतली असती तर तुमची फेरी वाचली असती.”

“कोन वडणार?”

मयूरीने धाकट्या मालकांकडे, मुकुलशेटांकडे पाहिलं. वायर पडताना त्यांच्या खांद्याला घासून गेली होती. खांदा झटकून ते पुन्हा पेपर वाचू लागले होते.

“थोरल्यांच्या बाजूनं आलेलं ते घेत न्हाईत,” नानासो हळू आवाजात म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. नळाला पाणी सकाळचंच येतं, असं नवीन भाडेकरूला सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

सांगलीच्या मार्केट यार्डातली ‘आवटी बंधू’ ही हळदीची जुनी पेढी. पाटीवरचा ‘बंधू’ तेवढा शिल्लक होता, कारण गिऱ्हाईक त्या नावावर येत होतं आणि तो शब्द मधोमध कापून दोघांना देता येत नव्हता. बाकीची वाटणी झाली होती. वडील गेल्यावर थोरल्या चिंतामणशेटांनी वडिलांची जीप विकून टाकली. धाकट्या मुकुलशेटांना ही बातमी मिरज रस्त्यावर कळली. त्या जीपमध्ये भलताच माणूस बसलेला होता आणि त्याने ओळखीचं हसून यांना हातही केला. “मला विचारलं नाही,” एवढंच मुकुलशेट भावाला बोलले. त्यानंतर ते भावाशी काहीच बोलले नाहीत, आणि भावानेही आग्रह केला नाही.

मग ऑफिसात प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. खर्च निम्मा-निम्मा. वरचा पंखा मात्र एकच होता आणि तो सोडायला कुणी तयार नव्हतं, म्हणून पार्टिशन छताला न भिडवता पंख्याच्या खालीच थांबवलं. अशा रीतीने पंखा सामाईक राहिला, वजनकाटा सामाईक राहिला, फोन सामाईक राहिला, आणि नानासो दिवाणजी सामाईक राहिले. याला आता सहा वर्षं होत आली होती.

थोरल्यांच्या टेबलावरची घंटी वाजली. नानासो वायर तिथेच ठेवून निघाले. मयूरीचं सामान पलीकडेच होतं, तीही गेली.

चिंतामणशेट आवाज चढवत नसत. शिवीसुद्धा ते बाजारभाव सांगावा तशी सांगत.

“त्या शहाण्याला सांगा, वजनकाटा त्याच्या सासऱ्यानं आंदण दिलेला नाही. दुपारपर्यंत मोकळा कर म्हणावं.”

नानासो वळसा घालून पलीकडे गेले.

“थोरलं मालक इचारत्यात, दुपारपातुर काटा मोकळा हुईल का? तुमचं उरकल्यावर.”

“एवढी घाई असेल तर पोती पाठीवर घ्या आणि अंदाजानं तोला म्हणावं.”

नानासो परत आले.

“दुपारी देतो म्हनाले. आन् तुमचा गुडघा कसा हाय, इचारलं.”

“बरा आहे म्हणावं,” चिंतामणशेट म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

खोक्यातून राउटर काढता काढता मयूरी कधी चिंतामणशेटांकडे, कधी नानासोंकडे, कधी प्लायवूडकडे बघत राहिली. नवीन माणूस असाच बघतो, हे नानासोंना सवयीचं होतं. या उद्योगाची त्यांना धास्ती वाटत नसे. मागच्या गोदामात हळद पॉलिश करणारा ड्रम दिवसभर घरघरत असायचा, आणि त्या घरघरीत इकडचं बोलणं तिकडे ऐकू जात नाही, यावर त्यांचा फार भरवसा होता.

धास्ती वेगळीच होती. दिवाळीत त्यांची बायको, सुलाबाई, लेकीकडे कोरेगावला दोन दिवस म्हणून गेली आणि तिथेच रमली. मग एकेका रविवारी नानासोंच्या हातून इकडचा तवा, पोळपाट, खलबत्ता असं करत स्वयंपाकघरही तिकडे गेलं. आता एप्रिल होता. सांगलीच्या खोलीत नानासो, एक गादी आणि एक घागर उरली होती. दोन वेळा मेसचं जेवण, आणि मेसवाल्याचा असा समज की म्हाताऱ्या माणसांना तिखट चालत नाही, मीठही बेताचंच लागतं.

मला सोडा, असं ते दोन्ही मालकांना सांगून थकले होते. या एका बाबतीत दोघा भावांचं मत एक पडायचं: बदली माणूस द्या आणि जा. नानासोंनी एक बी. कॉम. झालेला, निर्व्यसनी, अत्यंत सचोटीचा माणूस आणून दिला. त्याने पहिल्याच दिवशी निरोप शब्दाला शब्द पोचवले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुकुलशेट वकिलाकडे गेले होते आणि चिंतामणशेटांसाठी डॉक्टर आले होते. त्या माणसाला पुढे दुसरीकडे चांगली नोकरी लागली.

तेव्हा असं ठरलं की आता नव्याण्णव साल आहे, निरोप कॉम्प्युटरवरून धाडावेत. हे दोघांनी मिळून ठरवलं, म्हणजे नानासोंमार्फत. पार्टिशनच्या या बाजूने लिहिलेला निरोप आधी फोनवरून पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे जाईल आणि तिथून पार्टिशनच्या त्या बाजूला येईल. शिवाय परगावचे हळदीचे भावही बघता येतील. कॉम्प्युटर लागला की नानासो सुटले.

पण तो लागत नव्हता.

“आकडे टाकले की पान उघडतंय, साइटचं नाव टाकलं की नाही,” मयूरी मुकुलशेटांच्या कॉम्प्युटरसमोर बसून म्हणाली. “कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडेच कळतात. आपण नाव टाकलं की त्याचा आकडा त्याने राउटरला विचारायचा. इथं राउटरचा पत्ता घालून ठेवला होता मी. कुणी पुसला?”

“मी,” पेपरामागून मुकुलशेट म्हणाले. “राउटर कुठं बसवलाय?”

“पलीकडे. फोन तिकडे आहे ना.”

“मग नाही. आमचा कॉम्प्युटर त्यांना काही विचारणार नाही.”

“अहो, त्यांना नाही. राउटरला.”

“बसलाय कुणाच्या टेबलावर?”

मयूरीने घड्याळाकडे पाहिलं आणि एक श्वास घेतला. “शेट, त्या राउटरला स्वतःला काही माहीत नसतं. इकडून विचारलं की तो पुढं पुण्याला विचारतो. तिकडून उत्तर आलं की इकडे देतो. नुसता मधला डबा आहे तो.”

दाराशी उभे असलेले नानासो दोन पावलं आत आले.

“म्हंजे त्याला सोताला कायच ठावं न्हाई?”

“काहीच नाही.”

“तरीबी समदी त्यालाच इचारत्यात?”

“हो.”

“पगार काय देता?”

पेपर किंचित हलला.

“आन् पुन्याचं उत्तर त्यो कसं देतो? जरा निवडून-पाखडून?”

“जसंच्या तसं. एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही.”

मनातल्या मनात नानासो कोरेगावच्या गाडीत खिडकीशी बसलेले होते, ते पिशवी घेऊन खाली उतरले. डबाही बी. कॉम.च निघाला. हा चालू झाला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय होईल, ते त्यांना दिसत होतं. आणि नाही चालू झाला तर आज रात्री मेसमध्ये दुधी भोपळा होता, तोही दिसत होता. ते बराच वेळ वायरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले.

“मालक,” शेवटी ते म्हणाले, “लावू द्या की. दिवाळीपासनं मेसचं खातुय.”

सहा वर्षांत त्यांनी या केबिनमध्ये स्वतःचा असा निरोप पहिल्यांदाच दिला होता. मुकुलशेटांनी पेपर खाली केला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर केला.

“घाल गं पत्ता,” ते मयूरीला म्हणाले.

तिने पत्ता घातला, उठली आणि खुर्ची नानासोंपुढे ढकलली.

“तुम्ही बसा इथं. मी पलीकडे जाऊन राउटरला सांगते, की तुला माहीत नसेल तर पुढं विचार. अजून त्याला ते सांगितलेलंच नाही. नाव टाइप करून ठेवलंय. मी हाक मारली की हे मोठं बटण दाबा.”

“हाक हितं ऐकू यील व्हय? ड्रम चालू हाय.”

मयूरीने आधी मुकुलशेटांकडे पाहिलं, मग नानासोंकडे.

“येईल,” ती म्हणाली आणि गेली.

नानासो खुर्चीच्या कडेवर बसले. या केबिनमध्ये ते रोज कितीदा तरी येत, पण उभ्या उभ्या. आणि ते इथे असले की पलीकडे थोरले एकटेच असत. बोलायला त्यांना कुणी नसे. ते बोलत ते नानासोंशी, आणि तेव्हा नानासो तिकडे असत.

“झालं का गं बाई?”

नानासो दचकले. ड्रम घरघरत होता, पंखा करकरत होता, आणि तरी चिंतामणशेट टेबलाच्या कोपऱ्यावर बसून बोलावेत इतका आवाज स्वच्छ होता.

“होतंय,” मयूरीचा आवाज आला. “पण शेट, यातून निरोप जसाच्या तसा जाईल हं. काकांसारखा नाही.”

“त्या म्हाताऱ्यानं सहा वर्षांत माझा एक निरोप धड पोचवला नाही. मी सासरा काढतो, हा तिकडं जाऊन विनवण्या करतो. येताना कधी गुडघा घेऊन येतो, कधी माझा खोकला. आमच्या बंधुराजांनी माझा गुडघा कधी विचारलाय? मला काय कान नाहीत?”

“मग काकांना बोलला का नाहीत?”

पलीकडे टेबलाचा खण उघडून बंद झाल्याचा आवाज आला.

“बरं वाटायचं,” चिंतामणशेट म्हणाले.

नानासोंचं बोट बटणावर तसंच राहिलं. त्यांनी मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून मुकुलशेटांकडे पाहिलं. पेपर उभाच होता. मघापासून त्याचं पान उलटलेलं नव्हतं. पेपराच्या दोन्ही बाजूंना दिसणारे कान लाल झाले होते.

“काका, दाबा!”

नानासोंनी बटण दाबलं. पडदा पांढरा झाला, पांढराच राहिला, आणि मग वरून खाली, पोत्यातून धान्य सांडावं तसं, एक अख्खं पान उतरत आलं. परगावचे हळदीचे भाव. बोलायचं असतं हे नानासो विसरून गेले.

“लागलं का तिकडं?” पलीकडून चिंतामणशेटांनी विचारलं.

सवयीने नानासो निरोप न्यायला उठले.

“लागलं म्हणावं,” मुकुलशेट पेपरात बघत म्हणाले. आवाज रोजचाच होता.

“बरं,” पलीकडून आलं.

नानासो खुर्ची आणि उभं राहणं यांच्या मध्येच होते. त्यांनी टेबलाला हात टेकला. पंखा दोघांच्याही डोक्यावरून फिरत होता.

“मग आता त्या म्हाताऱ्याला सांगावं,” चिंतामणशेटांचा तोच बाजारभावाचा सूर, “इथं उगाच धूळ खात बसू नको. रविवारी टेम्पो घे, बाडबिस्तरा उचल आणि तोंड काळं कर एकदाचं.”

हे ते मयूरीला सांगत नव्हते. मयूरी व्हरांड्यातून इकडेच येताना दिसत होती.

मुकुलशेटांनी पेपर खाली केला. दारात येऊन पोचलेली मयूरी तिथेच थांबली.

“नानासो,” मुकुलशेट घसा साफ करत म्हणाले, “थोरले विचारतायत, रविवारी सामानाला टेम्पो दिला तर चालेल का? म्हणाले, एवढ्या वर्षांची सोबत, एकट्यानं ओझी उचलत बसू नका.”

नानासो हळूच खुर्चीत बसले, या वेळी पाठ टेकवून.

“चालंल म्हनावं,” ते म्हणाले.

मुकुलशेटांनी पेपरची घडी घातली आणि ते पलीकडे जायला टेबलाखाली पायानेच चपला चाचपू लागले.