सोन्याच्या दातांवरचं कुंकू

टिक्! कुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. मी चंदेरी पिशवीत पडून होते. ती पिशवीही उघडली गेली आणि एक सुरकुतलेला हात माझ्याकडे आला.

मित्रांनो, मी एक स्टोरेज कार्ड आहे, आता बरंच जुनं. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चौकोनी चिप्स आणि एका कडेला सोन्याचा मुलामा दिलेले बारीक दात. सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकाच्या खाचेत हे दात बसवले, की माझ्यात माहिती साठवता येते. जुन्या डिस्कमध्ये चकती गरगर फिरते. माझ्यात काहीच फिरत नाही. माझा जन्म कुठे झाला ते नीट आठवत नाही. तोंड झाकलेली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं तेवढी आठवतात. पुढे पुण्याहून कुरिअरने सोलापूरला आले, ते हेमावतीच्या घरी. सर्व्हर बसवणं आणि दुरुस्त करणं हे तिचं काम.

त्या दिवशी खंडेनवमी होती. हेमावती अंघोळीला गेली होती. तिच्या सासूबाई रंभाबाई यांनी पाटावर विळी, कोयता आणि सुनेचे स्क्रू-ड्रायव्हर ओळीने मांडले होते. शेजारी पाच वर्षांची नात उत्कर्षा मांडी घालून बसली होती.

"आजी, ते आईचंय. हात लावला की ती ओरडते."

"ओरडू दे की! पोटाला घालणाऱ्या हत्याराला कुंकू नको व्हय?"

रंभाबाईंनी बोट पाण्यात बुडवलं आणि माझ्या मागच्या बाजूच्या दातांवर आधी हळद, मग कुंकू टेकवलं. "बग, कसं नवरीवानी दिसतंय!"

खरं सांगते, मला भरून आलं. तोवर इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. पण धास्तीही वाटली. माझे दात कोरडे आणि स्वच्छच हवेत. ते सांगायला मला तोंड कुठलं? रंभाबाईंनी मला अलगद पिशवीत ठेवून दिलं.

शाळेला सुट्टी, म्हणून उत्कर्षाही आईबरोबर रक्तपेढीत आली. तिथल्या सर्व्हरची डिस्क आठवडाभर कण्हत होती. जिल्ह्यातल्या हजारो रक्तदात्यांची नावं, रक्तगट आणि फोन नंबर तिच्यावरच होते. सणाच्या दिवशी वर्दळ कमी, तेवढ्यात काम उरकायचं ठरलं होतं. हेमावतीने सगळ्या माहितीची एक प्रत वेगळी काढली, सर्व्हर बंद केला, विजेच्या दोन्ही वायरी उपटल्या. मनगटाला पट्टा बांधून त्याची तार सर्व्हरच्या पत्र्याला जोडली, कारण माणसाच्या अंगातली न दिसणारी वीजही मला मारू शकते. तिने मला बाहेर काढलं, तोच रक्तपेढीचे डॉक्टर सोमेश धावत आले.

"किती वेळ लागेल हो? वैरागहून एक गरोदर बाई आणलीय. रक्तगट बॉम्बे. हजारोंत एखाद्याचा असतो, आणि तिला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. संध्याकाळी ऑपरेशन आहे आणि दात्यांची यादी तुमच्या या डब्यात!"

"अर्धा तास द्या, सर."

घाईत तिने माझी एकच बाजू पाहिली. मला खाचेत सरळ दाबलं, स्क्रू आवळला, बटण दाबलं. पंखे घोंघावले, पडद्यावर भराभर ओळी आल्या. त्यांत माझं नाव नव्हतं.

"मग जुनीच डिस्क चालवा," डॉक्टर म्हणाले.

पण इतकी वर्षं अखंड फिरलेली ती डिस्क एकदा थांबली, ती थांबलीच. आतून नुसतं टक् टक्. काढलेली प्रत होती, पण सर्व्हरवर उतरवल्याशिवाय ती वाचता येत नव्हती, आणि उतरवायला जागा म्हणजे मीच.

"कार्डच खराब आलंय," हेमावती म्हणाली. "दुसरं आता दसऱ्यानंतरच."

"आजीनं एवढं छान कुंकू लावलं, तरी रुसलं?" उत्कर्षा म्हणाली.

हेमावती गर्रकन वळली. "कुठं लावलं?"

"सोन्याला. मागनं."

पुन्हा सर्व्हर बंद, पुन्हा वायरी बाहेर. तिने मला उलटं केलं. लालभडक!

"आत्याबाई, अहो आत्याबाई..." एवढंच ती पुटपुटली. रागवावं की हसावं हे तिलाही कळेना. रक्तपेढीत स्पिरिटला काय तोटा? डॉक्टरांनीच बाटली आणली. तिने माझे दात हलक्या हाताने पुसले, खाच फुंकून साफ केली, सगळं वाळू दिलं. मला परत बसवलं.

या वेळी पडद्यावर माझं नाव उमटलं. तिने सर्व्हरला माझी ओळख करून दिली, यापुढे याच्यावरूनच सुरू व्हायचं, असं त्याला बजावलं, आणि ती प्रत माझ्यात उतरवायला घेतली. मित्रांनो, काय सांगू! होटगी, अक्कलकोट, नवी पेठ... माणसांमागून माणसं येत होती. मी जागची तसूभर हलले नाही आणि अख्खा जिल्हा माझ्यात येऊन बसला.

बॉम्बे गटाची तीनच नावं निघाली. पहिल्याचा फोन बंद. दुसऱ्याला ताप. तिसरे होटगीचे बिरप्पा. डॉक्टरांनी त्यांना फोन लावला.

"बिरप्पा बोलताय का? रक्त द्यायला याल? तुमचाच गट लागतोय."

"येतो की. गाडी आत्ताच पुजलीय, हारासकट आणतो. जेवूनच यायचं न्हवं?"

कुणासाठी, हे त्यांनी विचारलंदेखील नाही. मी थक्क झाले. नाव आणि नंबर माझ्यात होते. हे 'येतो की' मात्र माझ्या कुठल्याच चिपमध्ये नव्हतं.

दिवेलागणीला निरोप आला. आई सुखरूप, मुलगी झाली. सगळ्यांनी बिरप्पांना हात जोडले, हेमावतीची पाठ थोपटली. मला कोण विचारतो! पुढे माझ्या जोडीला दुसरं कार्ड आलं. आता दोघंही तेच तेच लिहून ठेवतो, म्हणजे एक गेलं तरी यादी राहील. मित्रांनो, पूजा जरूर करा, पण माझ्यासारख्यांना लांबूनच फूल वाहा. आणि जे यंत्र आठवडाभर कण्हतंय, त्याचं वेळेवर ऐका.

त्या संध्याकाळी हेमावती सर्व्हरचं झाकण बसवत होती. बिरप्पांनी दिलेलं बिस्कीट खात उत्कर्षाने विचारलं,

"आई, तीनच नावं होती ना? एकाचा फोन बंद, एकाला ताप. मग बिरप्पाकाकांनाच रक्त लागलं, तर कोण येणार?"