चावून दिलेला घास

जिजाबाई एस.टी.ची वेळ विचारायला गेली, की कंडक्टरच्या सासूची तब्येतही विचारून येते, असं समुद्रपूरकडच्या तिच्या गावात म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. तिच्या भावाची पोर रोशनी आठ वर्षांची, तिच्या मानेला गाठी आल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात एक गाठ काढून तपासली आणि डॉक्टरांनी हॉजकिन नावाचा कॅन्सर सांगितला. सलाइनमधून औषधं घेतली तर बहुतेक पोरं बरी होतात, असंही सांगितलं. रडून झाल्यावर जिजाबाईनं विचारायला सुरुवात केली. काढलेली गाठ कुठं ठेवली? तिच्यात काय दिसलं? सिस्टर वैतागल्या. डॉ. आचल भोयर मात्र खूश झाली. ती अशाच गाठींवर प्रबंध लिहीत होती, आणि तिच्या गाठींबद्दल इतक्या हौसेनं विचारणारं दुसरं कोणी तिला भेटलं नव्हतं.

"या मावशी, दाखवतेच."

जिजाबाईनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. निळ्या ठिपक्यांच्या गर्दीत एक मोठी पेशी होती, दोन डोळ्यांची, तपकिरी.

"हे तं माह्याकडंच पाहून राह्यली!"

"तपकिरी दिसते ना, तिथं एक विषाणू हाये." आचल आर्वीची; दवाखान्यातली शुद्ध भाषा तिला दोन वाक्यांपुढं पुरत नसे. "तुमाले नागीण झालती का कधी?"

"झालती ना, कमरेले. नुसती आग."

"म्हणजे लहानपणी कांजण्या आल्या असतीन. त्या गेल्या, पण विषाणू नाई गेला. नसेत दडून बसला, अन् उतारवयात नागीण होऊन निघाला. हा त्याच्याच घराण्यातला. हा रक्तातल्या पांढऱ्या पेशीत झोपून राह्यते, जन्मभर. पण एखाद्याच्या अंगात तो पेशीले मरूच देत नाई. ती वाढतच जाते."

"मंग पोरीच्या अंगात शिरला कुठून?"

"थुंकीतून. उष्ट्यातून."

जिजाबाई मायक्रोस्कोपपासून मागं सरकली. आचल आणखी काही सांगत होती, ते तिच्या कानावरच आलं नाही.

रोशनी तान्ही असताना तिची आई प्रमिला कापूस वेचायला जाई आणि विधवा जिजाबाई घरी पोर सांभाळी. भाकरीचा तुकडा आपल्या तोंडात चावून मऊ करायचा आणि बाळाला भरवायचा. घरोघरी तसंच करत. माझ्या दातांवर पोर वाढली, असं ती गावभर मिरवायची.

त्या दिवसापासून ती वॉर्डात रोशनीपुढं ताट ठेवी आणि लांब खिडकीशी जाऊन बसे. प्रमिलाही खाटेच्या पायाशी, तोंडाला पदर लावून बसलेली. नणंदेशी नजरसुद्धा मिळवेना. हिला सगळं कळलं, असं जिजाबाईच्या मनानं घेतलं; आता ही मला जन्मभर माफ करणार नाही. मधे रोशनी वरणभात चिवडत राही आणि तसाच सारून देई. पोर अशीच उपाशी राहिली तर पुढचं औषध लांबवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा जिजाबाईचा धीर सुटला. ती तडक आचलकडं गेली.

"मॅडम, तो मीच देल्ला तिले." तिनं सगळं सांगून टाकलं.

"मावशी, तो माह्या अंगात हाये. त्या सिस्टरच्याबी असन. आपल्याकडं लहानपणीच बहुतेक साऱ्यायले लागते. कोणाकडून आला, हे कोणीच सांगू शकत नाई."

"साऱ्यायच्या अंगात झोपला, तं आमच्याच पोरीच्या अंगात काऊन उठला?"

"माईत नाई. अजून कोणालेच पक्कं माईत नाई."

जिजाबाईला संताप आला. एवढं मोठं यंत्र, एवढं शिक्षण, आणि नेमकं हवं तेच माहीत नाही!

"मंग शोधा ना!"

"तेच तं करून राह्यली," आचल म्हणाली. "तुमी तिले भरवा. हात धुवून भरवा, काई होत नाई."

जिजाबाई वॉर्डात आली ती थेट भावजयीसमोर उभी राहिली.

"प्रमिले, काय बोलाचं ते बोलून टाक. मीच चावून भरवत होती तिले."

प्रमिलानं पदर खाली घेतला. "तुमी दिवसा भरवत होत्या, बाई. सांजच्याले वावरातून आली का मीबी चावूनच देत होती. मॅडमनं मलेबी सांगतलं. तवापासून पोरीजवळ जायलेच भेव लागते."

जिजाबाई बघतच राहिली. दोघींनी आपापला दगड उरावर घेतला होता आणि पोर मात्र उपाशी. हसावं की रडावं ते तिला कळेना. ती रडली, आणि मग प्रमिलाही रडली.

नळावर हात धुऊन दोघी आल्या. दोघींनी एकदमच भात कालवला, दोघींचे घास एकदमच पुढं झाले. रोशनीनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा आत्याकडं.

"एकेकीनं द्या," ती म्हणाली. "अन् चावू नोका. माहे दात आले आता."